प्रकरण अकरावे : चारशे बारांची स्वच्छ प्रत

सकाळी पावणेदहाला ताईने याचिका शाखेतल्या आपल्या टेबलावर लिफाफा फोडला, आणि पहिल्याच कागदावर तिला अण्णांचं, तिच्या वडिलांचं, अक्षर दिसलं.

त्यात आश्चर्य काही नव्हतं. मसुदा अण्णाच करून देणार, हे आत्याने सांगितलंच होतं. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर नियमाप्रमाणे मागणी लिहिलेली होती: जलमार्ग विधेयकातील कलम सतरा वगळावे आणि नदीवरील सरकारी बोटसेवा चालू ठेवावी. खाली समास आखून वीस-वीस ओळी. नाव, धंदा, सही. ताईने दुसरा कागद उलटला, तिसरा उलटला आणि मग पुन्हा पहिल्यावर आली. नावं आडनावांच्या वर्णानुक्रमे लावलेली होती. पैलतीरावरच्या माणसांनी आडनावांच्या क्रमाने रांग लावून सह्या केल्या असतील, हे काही तिला पटेना. तिने सहीचा रकाना वरून खाली पाहिला. एकवीस कागद आणि चारशे बारा सह्या, सगळ्या किंचित उजवीकडे झुकलेल्या, सगळ्या सुवाच्य, सगळ्या एकाच शाईच्या.

प्रत्येक कागदाच्या तळाशी याचिका मांडणाऱ्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी होती. तीही तिच्या ओळखीची होती, कारण तो सदस्य म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बाहेर लोक त्याला सन्माननीय म्हणत, घरी तो बाळूच होता.

ती उठून शाखाप्रमुखांच्या काचेच्या खोलीत गेली.

"साहेब, ही याचिका माझ्या घरातली आहे हे मी सोमवारीच सांगितलं होतं."

"आणि मीही सोमवारीच सांगितलं होतं की तपासणारे आपण दोघंच आहोत, तिसरा रजेवर आहे." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय झालं?"

तिने कागद पुढे ठेवले. त्यांनी दोनच उलटले.

"हे वळण मी ओळखतो," ते हळूच म्हणाले. "नोकरीला लागलो तेव्हा प्रतिवेदन शाखेतून रोज संध्याकाळी याच अक्षरात भाषणांच्या दुरुस्त्या यायच्या. एकदा एका मंत्र्याने तुमच्या वडिलांना विचारलं होतं, मी खरंच इतकं चांगलं बोललो का हो?"

ताई हसली नाही.

"नोंदवहीत चढवली का?"

"नाही."

"मग अजून हा नुसता कागद आहे. नोंद झाली की सभागृहाचा दस्तऐवज होईल, आणि दस्तऐवजावर परक्याने केलेली सही म्हणजे हक्कभंग. छत्तीस वर्षं ज्यांनी त्या सभागृहाचा शब्द न् शब्द लिहिला, त्यांना त्याच सभागृहापुढे उभं करायचं..." त्यांनी कागद परत तिच्याकडे सरकवले. "याचिका बाराला मांडल्या जातात. नोंद साडेअकराला बंद. तोवर काय करायचं ते करा. मी अजून काही पाहिलेलं नाही, पण साडेअकराला पाहीन."

•

आत्या पहाटेच्या पहिल्या बोटीने आली होती. पैलतीरावरच्या दवाखान्यात ती एकटी परिचारिका होती. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, तेही बोट चालू असली तर. अडलेली बाळंतीण असो की छातीत कळ आलेला म्हातारा, ती त्यांना बोटीत घालून ऐलतीरावरच्या इस्पितळात पोचवत असे. बोटीला वीस मिनिटं लागत. पुलावरून फिरून यायचं तर तीन तास. आणि रोज हजाराहून कमी उतारू असलेल्या सगळ्या बोटी सरकारने बंद कराव्यात, असं कलम सतरा म्हणत होतं.

अभ्यागतांच्या खोलीतल्या लाकडी बाकावर ती अण्णांच्या शेजारी बसली होती. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दारावरच्या प्रत्येक शिपायाला ते नावाने हाक मारत होते. निवृत्तीनंतर आठ वर्षांनी ते या इमारतीत आले होते, आणि भावाला इतकं खुश आत्याने वहिनी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणून ताई आत आली आणि तिने दार लोटून घेतलं, तेव्हा आत्याला पहिल्यांदा वाटलं ते असं की आता याचा आनंद जाणार.

बाळू ताईच्या मागोमाग आला. त्याच्या हातात प्रश्नोत्तरांची यादी होती.

"ताई, पाच मिनिटं. माझा प्रश्न सातव्या क्रमांकावर आहे."

ताईने कागद बाकावर पसरले. "आत्या, यातली तुझी सही कुठली?"

आत्याने कागद जवळ घेतले. तिला आपलं नाव सापडायला वेळ लागला, कारण तिने पहिल्याच ओळीत सही केली होती आणि इथे ती चौदाव्या कागदावर होती.

"ही माझी नाही," ती म्हणाली. मग खालची ओळ, वरची ओळ. "ही लोहाराची नाही. त्याला तर लिहिता येत नाही, त्याने अंगठा दिलेला. दादा, हे काय आहे?"

"स्वच्छ प्रत," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. रविवारी आत्याने दिलेला गठ्ठा त्यांनी उघडला, तर सह्या वहीच्या पानांवर होत्या, जुन्या तिकिटांच्या पाठीवर होत्या, एका कागदाला तर तेलाचा डाग पडला होता. कोणाची सही दोन ओळींवर पसरलेली, कोणाचं नाव अर्धंच. तिघांनी दोनदा सही केली होती. त्यांची एकेक त्यांनी काढली. सदतीस अंगठ्यांपुढे विचारून-विचारून नावं घातली, त्यासाठी बोटीवरच्या तिकीटवाल्याला चार फोन केले. तीन दिवस लागले.

"एकही नाव चुकलेलं नाही," ते म्हणाले. "दोनदा ताडून पाहिलं."

"अण्णा, नावं नाही चुकली," ताई म्हणाली. "सह्या तुम्ही केल्यात."

"सही म्हणून कुठे केली? उतरवून घेतल्या. माणूस सभागृहात अडखळत बोलतो, तसंच छापलं तर त्याची अब्रू जाईल. आपण ते नीट करून देतो. म्हणून काय ते भाषण आपलं होतं?"

छत्तीस वर्षांत अण्णांनी हजारो याचिका मांडल्या जाताना टिपल्या होत्या: इतक्या नागरिकांच्या सह्या, अमुक मागणी. पण त्यांच्या कानावर आला तो फक्त आकडा. सह्यांचे कागद त्यांच्या टेबलावरून कधी गेलेच नव्हते.

"आणि तू?" ताई बाळूकडे वळली. "एकवीस ठिकाणी प्रतिस्वाक्षरी केलीस. एकदाही वरच्या सह्या पाहिल्या नाहीस?"

"अण्णांनी पाठवलेला कागद मी तपासू? शाळेत माझे निबंध ते तपासायचे." मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, कोणाला कळणार आहे? तू चढव नोंदवहीत. खोटं नाव एकही नाही, अण्णा म्हणालेच."

"हो, चढव ना गं," आत्या म्हणाली. "माणसं खरी आहेत. मी प्रत्येकाच्या दारात उभी राहिलेय."

आता तिघं एका बाजूला झाली होती. लहानपणापासून घरातली मांडणी अशीच होती, ताईला वाटलं. आई असती तर ती चौथी झाली असती आणि ताईलाच म्हणाली असती, जाऊ दे ना. तिने घड्याळ पाहिलं. साडेदहा.

"मी नाही चढवणार," ती म्हणाली. "उद्या याचिका समितीने यातल्या दहा जणांना बोलावलं आणि विचारलं, ही तुमची सही का? लोहार काय म्हणेल?"

"लोहार काय वाट्टेल ते म्हणेल. त्याचं तोंड कोण धरणार!" आत्याच्या तोंडून निघून गेलं.

"मूळ कागद घरी आहेत," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मूळ टिपण सहा महिने ठेवायचं असतं. वीस मिनिटांत आणतो."

"त्यांच्यावर मागणी लिहिलेली आहे?"

आत्याने नकारार्थी मान हलवली. "छापलेले दोन कागद पहिल्याच दिवशी भरले. मग मिळेल त्यावर घेतल्या."

"ते दोन तरी चालतील?"

"तेलाचा डाग पडलेला त्यातलाच, मागणी वाचताच येत नाही," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याची मी... वरची मागणी जरा सैल लिहिली होती. ती मी खोडली. नीट करायला घेतली होती."

बाळू हसला, आणि हसल्याबद्दल त्याची त्यालाच लाज वाटली. आत्या मात्र उठून उभी राहिली.

"नीट! तुला कोणी सांगितलं होतं नीट करायला? महिनाभर घरोघर फिरले मी. त्या कुंभाराच्या सुनेने आयुष्यात पहिल्यांदा कागदावर नाव लिहिलं, दादा. पाव तास लागला तिला. सासू म्हणाली, अंगठा दे आणि चूल बघ. तर ती म्हणाली, नाही, लिहिणार. आणि तू ते..." तिने बाकावरच्या कागदांवर बोट आपटलं. "तू ते पुसलंस."

अण्णा बाकाच्या कडेला बसले होते. त्यांनी एकवीस कागद गोळा केले, कडा जुळवल्या, मग ते जुळवणंही त्यांना नकोसं झाल्यासारखे तसेच मांडीवर ठेवले. बाहेर प्रश्नोत्तरांची पहिली घंटा झाली, पण बाळू हलला नाही.

"एका सहीची याचिका मी ऐकलेली आहे," अण्णा शेवटी म्हणाले. "दोनदा. एकदा एका कैद्याची होती. एकदा एका विधवेची, पेन्शनीसाठी. दोन्ही वेळा अध्यक्षांनी घेतली."

ताईने क्षणभर विचार केला. "नियमात 'एक किंवा अधिक नागरिक' असं आहे."

"एक म्हणजे मी?" आत्या म्हणाली. "आणि बाकीच्या चारशे अकरांना काय सांगू? तुम्ही राहा घरी, मी एकटीच पुरते?"

"आत्या, हसतील गं," बाळू म्हणाला. "माझं गणित काय होतं, ऐक. पक्षाच्या प्रतोदांनी मला मांडायची परवानगी दिली ती एवढ्याच अटीवर, की मांडून खाली बसायचं. दुपारी कलम सतरा आलं की कोणीतरी उठून म्हणायला हवं, यावर याचिका आहे, कलम राखून ठेवा. मागितल्याशिवाय ते थांबत नाही. चारशे सह्या म्हटल्यावर विरोधकांतलं कोणीतरी उठलं असतं. एका सहीसाठी कोण उठणार?"

"तू ऊठ," आत्या म्हणाली.

"ते इतकं सोपं नाही."

"मी सोपं कुठे म्हटलं?"

ताईने कोरा नमुना पुढे केला. आत्या बाकावर वाकली. तिची सही मोठी होती, दवाखान्याच्या नोंदींमध्ये घाईघाईने करत असे तशी, आणि शेवटची रेघ रकान्याबाहेर गेली. अण्णांनी ती पाहिली. त्यांचा हात किंचित पुढे आला आणि पुन्हा मांडीवर गेला.

साडेअकराला पाच मिनिटं असताना ताईने नोंदवहीत लिहिलं: याचिकाकर्ते, एक.

•

बाळूला आपल्या जागेवरून प्रेक्षक सज्जा दिसत असे. बाराला अध्यक्षांनी त्याचं नाव घेतलं तेव्हा तिथे दोन डोकी शेजारी-शेजारी होती, पण एकमेकांकडे वळलेली नव्हती. खाली अधिकाऱ्यांच्या कक्षात ताई फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

"अध्यक्ष महोदय, जलमार्ग विधेयकातील कलम सतरासंबंधी एका नागरिकाच्या सहीची याचिका मी सादर करतो."

"किती म्हणालात?" समोरच्या बाकांवरून आवाज आला.

"एका."

"सन्माननीय सदस्यांच्या आत्याबाई तर नव्हेत?"

हशा पिकला. त्याच्या स्वतःच्या बाकांवरही पिकला. आत्या पैलतीरावर राहते हे सगळ्यांना ठाऊक होतं. निवडणुकीत त्यानेच ते पन्नास सभांतून सांगितलं होतं.

"होय," तो म्हणाला. "आत्याच आहेत."

"सदस्यांनी भाषण करू नये," अध्यक्ष म्हणाले. "याचिका सादर झाली. पुढचे."

एवढंच. मिनिटभरही लागलं नव्हतं. तो खाली बसला. मागच्या बाकावरून प्रतोद पुढे वाकले.

"छान. आता कर्तव्य झालं. दुपारी जेवण चांगलं करा आणि डोळे मिटून हात वर करा."

जेवणानंतर विधेयक आलं. कलमं भराभर जात होती, चौदा, पंधरा, सोळा. बाजूने असलेले हो म्हणत, विरोधातले नाही म्हणत, आणि हो म्हणणारे अधिक आहेत असं अध्यक्ष जाहीर करत. बाळूने समोरच्या बाकांकडे पाहिलं. सकाळी ज्याने टोमणा मारला होता तो काहीतरी वाचत होता. त्याच्या शेजारचा शिक्षक-सदस्य, ज्याच्यावर बाळूची सारी भिस्त होती, बाहेर गेला होता.

"कलम सतरा," अध्यक्ष म्हणाले. "प्रश्न असा आहे की..."

तो उठला तेव्हा त्याच्या मनात फारसं काही नव्हतं. नंतर प्रतोदांनी विचारलं तेव्हाही त्याला कारण नीट सांगता आलं नाही. इतकंच खरं होतं, की कोणीतरी उठेल म्हणून त्याने सगळं सभागृह नजरेने पिंजून काढलं होतं, आणि राहिलेला तो एकटाच होता.

"अध्यक्ष महोदय, या कलमावर आज याचिका सादर झालेली आहे. नियमाप्रमाणे ती समितीकडे जाऊन समितीचा अहवाल येईपर्यंत कलम राखून ठेवावं, अशी मी मागणी करतो."

"एका सहीवर?" मंत्री अर्धवट उठले. "अध्यक्ष महोदय, असं चाललं तर उद्या प्रत्येकाची काकू-मावशी कायदे थांबवील."

पुन्हा हसू. अध्यक्षांनी खाली सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी ताईकडे हात केला. ताईने फाइल दिली, सचिवांनी पान उलटलं, वर कुजबुजले. प्रतोदांनी बाळूच्या कोटाची मागची कड धरली होती आणि ती ते सावकाश खाली ओढत होते. तो उभाच राहिला.

"नियमात सह्यांची संख्या कुठेही विचारलेली नाही," अध्यक्ष म्हणाले. "याचिका नियमानुसार आहे, शाखेने तसं प्रमाणित केलेलं आहे. कलम सतरा राखून ठेवण्यात येत आहे. कलम अठरा."

कोटाची कड सुटली.

"आता घरी जाऊन आत्याबाईंकडेच जेवत चला," प्रतोद त्याच्या कानाशी म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच बाळूला जास्त लागलं. "इथे तुम्हाला बराच काळ कोणी वाढणार नाही."

•

"म्हणजे झालं काय?" आत्याने जिन्यात ताईला विचारलं. "मी कान देऊन बसले होते. सतरा म्हणाले आणि लगेच अठरा."

"तेच झालं. कलम थांबलं. पुढच्या अधिवेशनापर्यंत बोट चालेल."

"आणि मग?"

"मग समिती तुला बोलावेल. तू आणशील त्या माणसांनाही ऐकेल. तोवर नव्या सह्या जोडता येतात, पण या कागदांवर." तिने कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा तिच्या हाती दिला. सगळ्यांच्या डोक्यावर मागणी छापलेली होती. "आणि त्यांच्या हातच्या."

आत्याने गठ्ठा घेतला आणि तो तसाच अण्णांपुढे धरला.

"दादा, तू चल. लोकांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"आज?"

"साडेपाचच्या बोटीने."

बाळू जिन्याच्या तळाशी उभा होता. त्याने गाडी मागवतो म्हटलं. आत्याने त्याच्या गालाला हात लावला, तो लहान असताना लावायची तसा, आणि म्हणाली, "तू राहा इथेच. तुला आता इथे जास्त काम आहे." ताईकडे मात्र ती लगेच वळली नाही. मग वळली. "तूही एवढी ताठ नसतीस तर सकाळीच चढवली असतीस."

"हो," ताई म्हणाली.

"मग समितीने लोहाराला बोलावलं असतं."

"हो."

"बरं," आत्या म्हणाली, आणि निघाली.

•

बोटीत गर्दी नव्हती. अण्णा सहा वर्षांनी नदी ओलांडत होते. तिकीटवाला पन्नाशीचा होता. उजव्या हाताची दोन बोटं त्याने दोरात गमावली होती, म्हणून तो डाव्या हाताने तिकिटं फाडत असे. आत्या मुद्दाम दूरच्या बाकावर जाऊन बसली.

"काय म्हणतात मोठे लोक?" तिकीटवाल्याने विचारलं. "तुमचे फोन आले तेव्हाच म्हटलं, काम पक्कं चाललंय. राहिली ना बोट?"

"तीन महिने राहिली." अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पण तुमची सही गेली नाही."

"का? मी तर केली होती. बाईंपुढेच केली."

"केली होती. मी ती नीट करून दुसऱ्या कागदावर उतरवली. सगळ्यांच्याच उतरवल्या. ते चालत नाही. चूक माझी."

तिकीटवाल्याने तिकिटांचा पुडका खिशात घातला.

"माझी वाचता येत नव्हती का?"

अण्णांना हो म्हणता आलं असतं. डाव्या हाताची सही होती, अक्षरं एकमेकांवर चढलेली.

"येत होती," ते म्हणाले.

"मग?"

अण्णांनी मांडीवरची टोपी बाजूला केली; खाली कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा होता. तिकीटवाल्याने त्यांच्या मांडीवरचा गठ्ठा पाहिला.

"द्या इकडे."

त्याने पहिला नमुना तिकिटांच्या पेटीवर ठेवला. बोट धक्क्याला लागली, दोर टाकला गेला, उतारू उठून उभे राहिले आणि त्याच्या मागे थांबले, कारण वाट त्याच्याच जवळून होती. तो सावकाश लिहीत होता. एक अक्षर ओळीखाली घसरलं, पुढचं वर गेलं. मागून कोणी घाई केली नाही. वारा होता, म्हणून अण्णांनी कागदाची कड दोन बोटांनी दाबून धरली आणि त्याचं लिहून होईपर्यंत ते नदीकडे पाहत राहिले.